आमच्या घरातल्या पोहणाऱ्या बायका

मला बघायला पाहुणे आले होते, तेव्हाची गोष्ट. मुकुंदवाडीतलं आमचं दोन खोल्यांचं घर. पोहे झाले, चहा झाला, आणि मुलाच्या आईनं विचारलं, "मुलीला काय काय येतं?" आईनं स्वयंपाक सांगितला, शिवणकाम सांगितलं, बी.एड. चालू आहे तेही सांगितलं. मग मान जराशी वर करून म्हणाली, "आणि तिला पोहता येतं. विहिरीत."

मुलाचे वडील मोठ्यानं हसले. "वहिनी, इथं प्यायला पाणी नाही, पोहायचं कुठं?"

सगळेच हसले. आईही हसली, पण तिनं ते वाक्य मागे घेतलं नाही. "आमच्याकडं मुलीला पोहता आल्याशिवाय तिचं लग्न करत नाहीत," ती म्हणाली. "माझ्या आजेसासूपासून चालत आलंय."

ते स्थळ जुळलं. नवऱ्यानं नंतर सांगितलं की त्या दिवशी बाकी काय बोलणं झालं ते त्याला आठवत नाही, तेवढं एकच आठवतं.

आईची आजेसासू म्हणजे माझी पणजी. मी तिला पाहिलेलं नाही. तिचा फोटोही नाही. आमचं मूळ गाव सिल्लोड तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगराच्या अलीकडं. निजामाच्या राज्यातला तो काळ. आमच्या वावरात दगडी बांधणीची विहीर होती, पाण्यापर्यंत पायऱ्या होत्या, आणि खालच्या पायऱ्यांवर कायम शेवाळ असायचं. पणजीची थोरली लेक मैत्रिणींबरोबर कळशी घेऊन गेली आणि तिथून घसरली. ती नऊ-दहा वर्षांची असेल. आरडाओरड ऐकून गावातल्या बाया धावल्या. पणजीही धावली. कुणी दोर सोडला, कुणी लुगड्याचा पदर. पोर वर आली, पुन्हा खाली गेली, आणि मग पाणी शांत झालं. काठावर इतक्या बाया होत्या, पण पाण्यात उतरेल अशी एकही नव्हती. गावातल्या झाडून साऱ्या पुरुषांना पोहता येत होतं. पुरुष सिल्लोडच्या बाजाराला गेले होते.

लेकीचं सगळं कार्य उरकल्यावर पणजीनं पणजोबांना सांगितलं, "मला पव्हायला शिकायचंय."

पणजोबा म्हणाले, "कुठं?"

"त्याच विहिरीत."

हा संवाद माझ्या आजीनं मला सांगितला, आणि तिला तो खुद्द पणजीनं सांगितला होता. त्या काळी बाईनं विहिरीत उतरून पोहायचं म्हणजे गावभर बोभाटा. ओल्या अंगानं वर यायचं, कुणी बघितलं तर? नवरा पाण्यात उतरून शिकवणार, मग वर लक्ष कोण ठेवणार? पणजीचे सासरे आतल्या खोलीत बसून सगळं ऐकत होते. जुन्या वळणाचा, कडक माणूस. त्यांच्यासमोर पणजी कधी तोंड वर करून बोलली नव्हती. ते बाहेर आले, खुंटीवरचं घोंगडं खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "मी बसतो काठावर. पाण्याकडं पाठ करून. कोण येतंय ते मी बघतो."

आणि ते बसले. रोज सकाळी, तांबडं फुटायच्या वेळेला, सून आणि मुलगा विहिरीत, आणि म्हातारा काठीवर हात टेकून काठावर, पाठमोरा. त्या बाजूनं येणाऱ्याला ते लांबूनच म्हणायचे, "तिकडून जा बाबा, विहिरीवर आमची बाई हाय." लोक हसले असतील. आजी म्हणायची, म्हाताऱ्याच्या तोंडावर हसायची कुणाची छाती नव्हती. पणजी शिकली. त्यानंतर तिनं दुसऱ्या लेकीला शिकवलं, मग जावेला, मग गल्लीतल्या पोरींना. सुरुवातीला नाकं मुरडणाऱ्या बायाच नंतर आपापल्या लेकी तिच्या दारात आणून सोडायला लागल्या. आणि आमच्या घरात नेम पडला. घरातली मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत पोहायला शिकणार, आणि घरात आलेली सून पहिल्या उन्हाळ्यात.

माझी आजी सोयगावकडची. लग्न होऊन आली तेव्हा पाण्याला इतकी भ्यायची की नदी ओलांडताना बैलगाडीत डोळे मिटून बसायची. पहिल्याच उन्हाळ्यात सासूनं तिला विहिरीवर नेलं. पाठीला वाळलेले दुधीभोपळे बांधले, लुगड्याचा काचा घट्ट मारला आणि स्वतः आधी पाण्यात उतरून हात पुढं केला. आजी सांगायची, "मी अशी काय मिठी मारली तिला, की दोघीबी खाली! वर आल्यावर वाटलं आता कानाखाली बसतीय. पण सासू हसती. म्हणती, माझ्याशी कुस्ती करू नको माय, मी काय तुझी सवत हाय का?"

पणजीची शिकवायची एक रीत होती. ती आधी हातपाय मारायला शिकवायची नाही. आधी पाण्यावर उताणं पडून राहायला शिकवायची. डोकं मागे, कान पाण्यात, पोट वर, हात मोकळे. काही करायचं नाही, नुसतं पडून राहायचं. ते जमलं की मग पुढचं. आजी तसंच शिकवायची, आईला तिनं तसंच शिकवलं.

माझी शिकायची पाळी आली आणि बहात्तरचा दुष्काळ पडला.

तेव्हा मी आठ वर्षांची होते. त्या उन्हाळ्यात मला विहिरीत उतरवायचं ठरलं होतं. आजीनं भोपळेसुद्धा वाळवून आढ्याला टांगून ठेवले होते. पण विहिरीत उतरायचं ते गाळ काढायला. आजी, आई, काकू, सगळ्या पाटीनं गाळ वर देत होत्या आणि खाली खडक लागत होता. त्या खडकाच्या फटीतून बोटभर पाणी झिरपायचं, ते वाटीनं भरायचं. विहिरीचा तळ मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तो असा कोरडा बघायला मिळणं ही काही चांगली गोष्ट नाही, हे मला आजीच्या चेहऱ्यावरून कळलं. नंतर त्या तिघी नाल्याच्या दुष्काळी कामावर माती वाहायला जाऊ लागल्या. लाल ज्वारीच्या भाकरी, कामावर मिळणारी सुकडी, ते दिवस ज्यांनी काढले त्यांना सांगायला नको.

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात काम लागलं आणि आम्ही औरंगाबादला आलो. आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात, पण माझ्या तोंडात त्या आठवणींसाठी जुनंच नाव येतं. काका गावाकडं राहिले, शेत सांभाळायला. आजी आमच्याबरोबर आली. मुकुंदवाडीत एक पत्र्याची खोली भाड्यानं घेतली. तेव्हा मुकुंदवाडी म्हणजे शहराच्या टोकाचं गावच होतं. रुळांच्या पलीकडं सगळी वावरं, मधूनमधून नव्या भिंती उठायला लागलेल्या. कारखान्याच्या भोंग्यावर लोक उठायचे आणि बैलगाड्याही त्याच रस्त्यानं जायच्या.

शहरात आल्यावर आईला माझ्या शाळेची काळजी होती. दादांना नोकरी टिकायची काळजी. आजीला एकच घोर लागला होता. ती शेजारणींनाही सांगायची, "पोर तशीच राहिली." शेजारणींना वाटायचं माझं काही औषधपाणी राहिलंय.

"कशी राहिली?" त्या विचारायच्या.

"पव्हायची राहिली. आमच्या घरात अशी एकबी पोर नव्हती."

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. दिवाळीनंतर आजी एकटीच रुळांपलीकडच्या वावरांतून फिरून यायला लागली. कुठं जाते, सांगायची नाही. शेवटी एक दिवस माझा हात धरून मला घेऊन गेली. एका मळ्यात मोठी विहीर होती, काठोकाठ नाही पण चांगली भरलेली, आत उतरायला पायऱ्या. मळेवाल्या काकू गोठ्यापाशी गोवऱ्या थापत होत्या.

आजी सरळ म्हणाली, "बाई, तुमच्या विहिरीत माझ्या नातीला पव्हायला शिकवायचंय."

काकूंनी हात थांबवले. आधी आजीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "पोरीला? प्यायचं पाणी हाय ते, मावशी."

"व्हय, ठावं हाय. पिण्याचं पाणी वरच्या हौदातून भरा म्हनलं तर? मोट सकाळी लवकर चालू द्या, हौद भरला की मंग आम्ही उतरतो. अंग धुऊन येतो. साबण नाय, काय नाय."

"अन् कामून शिकवायचं म्हन्ते मी? पोरीनं पव्हून काय करायचं?"

आजी त्यांच्यासमोर गोवऱ्यांच्या शेजारी मातीतच बसली आणि तिनं पणजीच्या लेकीची गोष्ट सांगितली. थोडक्यात सांगितली, आवाज न चढवता. मी ती तेव्हा पहिल्यांदा पूर्ण ऐकली. गोष्ट संपल्यावर हात शेणानं भरलेलेच, काकूंनी मनगटानं डोळे पुसले. मग घराकडं तोंड करून हाक मारली, आणि त्यांच्या दोन मुली बाहेर आल्या. एक माझ्याएवढी, एक लहान.

"ह्या दोघींना पण शिकवशीन का मावशी?"

"दोघींना काय," आजी म्हणाली, "तुला पण शिकवते."

तो हिवाळा संपायची आम्ही वाट पाहिली. फाल्गुनात ऊन तापायला लागलं आणि आजीनं मला पाण्यात उतरवलं. भोपळे गावाकडंच राहिले होते, म्हणून तेलाचा रिकामा डबा तोंड झाळून, बंद करून घेऊन पाठीला बांधला. आजी एका बाजूला, आई एका बाजूला. आईनं शाळेत सोडायला जाताना माझा जसा हात धरावा तसा माझ्या मानेखाली तळवा धरला होता. पाणी इतकं गार की माझे दात वाजत होते. आणि काठावर दादा बसले होते, पाठमोरे. रात्रपाळी करून आलेले, अंगावर कारखान्याचे खाकी कपडे, आणि बसल्या बसल्या पेंगत. आजी खालून ओरडायची, "अरे झोपला का?" की ते दचकून म्हणायचे, "नाय नाय, बघतोय मी!" आणि कुठल्यातरी शेळीलाच हाकलायचे.

बरेच दिवस मला नुसतं पडून राहायचं जमत नव्हतं. मी अंग आवळायचे आणि पाय खाली जायचे. एक दिवस आजी म्हणाली, "पाण्याशी भांडू नको. ते तुझं काय घेऊन चाललंय? आभाळाकडं बघ. घार कुठं दिसती का सांग मला." मी घार शोधायला लागले. विहिरीच्या गोल तोंडातून दिसणारं ते निळं आभाळ, त्यात घार काही नव्हती. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की आईचा तळवा मानेखाली नाही. आई दोन हात लांब पायरीवर उभी होती आणि हसत होती.

हळूहळू विहिरीवर आमची शाळाच भरायला लागली. मळेवाल्या काकूंच्या मुली, आमच्या ओळीतल्या पोरी. पलीकडच्या खोलीत एक मुस्लिम कुटुंब राहायचं, सिल्लोडहूनच आलेलं. त्यांच्यातल्या खाला एका सकाळी आपल्या मुलीला घेऊन पायऱ्यांवर येऊन उभ्या राहिल्या. "अम्मा, मेरी बच्ची कू बी सिखाव ना. नाले में गिरते गिरते बची पिछले साल." आजीला हिंदी बोलता यायचं नाही, पण निजामाच्या काळात वाढलेली, समजायचं सगळं. म्हणाली, "आव बेटा, आव. सलवार घट बांध." ती मुलगी आमच्यात सगळ्यात धीट निघाली. तिनं वरच्या कपारीवरून सूर मारला तेव्हा आजीनं पाण्यातूनच टाळ्या वाजवल्या.

शहर वाढत गेलं. आमची पत्र्याची खोली जाऊन दोन खोल्यांचं घर झालं. रुळांपलीकडच्या वावरांत खुंट्या रोवल्या गेल्या, प्लॉट पडले. मळेवाल्या काकांनीही मळा विकला आणि तिथं इमारत उभी राहिली. विहीर काही दिवस कुंपणाच्या आत होती, मग तिच्यात बांधकामाचा मलबा टाकला, मग वर स्लॅब. आता तिथं गाड्या लावतात. काकूंच्या थोरल्या लेकीनं मात्र पुढं पैठणकडं सासरी गेल्यावर धरणाच्या फुगवट्यात एका गुराख्याला ओढून काढलं. मळेवाल्या काकू माझ्या आईला मुद्दाम भेटायला आल्या होत्या हे सांगायला, पेढे घेऊन. आजी तेव्हा अंथरुणावर होती. तिला ऐकायला कमी यायचं. आईनं तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जिता हाय ना?"

"हाय, हाय."

"मंग पेढा दे."

त्याच उन्हाळ्यात ती गेली.

मी शिक्षिका झाले. माझी मुलगी महापालिकेच्या तलावात शिकली. निळ्या फरशा, शिट्टी, पोहायचा पोशाख, टोपी. आई रोज माझ्याबरोबर यायची आणि लोखंडी बाकावर बसायची. पहिल्या दिवशी तिनं प्रशिक्षकाला विचारलं, "बाळा, पडून राहायला कधी शिकवणार?" तो हसून म्हणाला, "आजी, आज तेच आहे." आईला एवढं बरं वाटलं की दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी तिनं धपाटे करून नेले. आमच्या घरातली मुलगी दहाच्या आत पोहायला शिकली, नेम पाळला गेला. मला वाटलं होतं आमची गोष्ट इथंच, अशी सुखानं चालत राहील.

मग पुन्हा दुष्काळाची वर्षं आली, एकामागून एक. आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, गल्लीत टँकर आला की बाया घागरी घेऊन धावायच्या. गावाकडं तर विचारू नका. काकांच्या पाठीमागं चुलतभाऊ शेती बघत होता. आजूबाजूला बोअर इतके झाले होते की आमची जुनी विहीर बारा महिने कोरडी पडायला लागली होती. त्यानं डाळिंबं वाचवायला शेततळं केलं. मोठा चौकोनी खड्डा, त्यात काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला, वर टँकरनं आणि बोअरनं भरलेलं पाणी.

त्याच्या नातवाचं जावळ होतं. मी आणि आई गेलो. घरापुढं छोटा मांडव, पुरुषमाणसं तिथं गप्पा मारत बसलेली. स्वयंपाक मळ्यातच चालू होता. वरणाला पाणी कमी पडलं. चुलतभावाची सून, म्हणजे बाळाची आई, बादली घेऊन तळ्याकडं गेली. मी काहीतरी निमित्तानं तिच्या मागोमाग चालले होते, म्हणून मी पाहिलं. ती कडेला वाकली, कागदावर पाय सरकला आणि ती बसल्या बसल्याच खाली घसरत गेली. ओरडलीसुद्धा नाही. बादली पाण्यावर तरंगत राहिली.

मी चपला काढल्या की नाही आठवत नाही. साडीचा पदर कमरेला खोचला एवढं आठवतं. उडी मारली. पाणी खोल होतं, पायाला तळ लागेना. ती मला दिसली आणि तिनं मला गळ्याला मिठी मारली. जीव जाणाऱ्या माणसाच्या अंगात काय जोर असतो! आम्ही दोघी खाली गेलो. मी मुद्दाम आणखी खाली गेले, तेव्हा तिची पकड सुटली. मग मी तिच्या मागून वर आले आणि काखेतून हात घालून तिचं डोकं माझ्या खांद्यावर ओढलं.

"सूनबाई, उताणी पड. काही करू नको. मी धरलंय तुला."

ती हात मारत होती. मी तिच्या कानात तेच तेच बोलत राहिले. "आभाळाकडं बघ. माझ्यावर डोकं टाक. पड अशी. पड." हळूहळू तिचं अंग सैल झालं. मीही तशीच पडले, ती माझ्यावर. आम्ही तरंगत होतो. पण बाहेर कसं यायचं? कडेला गेले तर तो कागद. हात ठेवला की घसरायचा, ओला, गुळगुळीत. चांगला पोहणारा माणूसही शेततळ्यातून वर येऊ शकत नाही, हे तेव्हा मला कळलं. पण पडून राहता येत होतं. कितीही वेळ पडून राहता आलं असतं.

वरती आई पोचली होती. सत्तरी ओलांडलेली बाई. चुलीपासच्या बाया किंचाळत धावत आल्या. एकजण सरळ कडेवरून खाली उतरायला निघाली. आईनं तिचा दंड पकडून तिला मागं ओढलं आणि असा आवाज काढला की मी पाण्यातूनही ऐकला. "कुणी खाली जायचं नाय! साड्या सोडा! सोडा म्हनते ना!" आणि तिनं स्वतःची साडी सोडायला सुरुवात केली. कार्याचं घर, सगळ्यांच्या अंगावर चांगल्या साड्या. कुणी लाजलं नाही. साडीला साडी बांधली, आईनं प्रत्येक गाठ स्वतः ओढून बघितली, मग टोकाला रिकामा हंडा बांधून आमच्याकडं सोडला. मी आधी सूनबाईच्या काखेखालून फेरा घातला. बाया ओढत होत्या, नुसत्या परकर-पोलक्यावर, रांगेत. आधी ती वर गेली. मग मी.

मांडवातले पुरुष धावत आले तेव्हा आम्ही दोघीही मातीत पडून खोकत होतो आणि आई आमच्या अंगावर कुणाची तरी चादर टाकत होती. माझ्या मनात काय आलं ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. त्या जुन्या विहिरीच्या काठावर पणजी उभी होती आणि तिच्या भोवतीच्या बायांपैकी कुणाला काही करता आलं नव्हतं. त्याच शिवारात, तिच्याच घरातल्या बायांनी आज एकीला परत आणलं होतं. मला रडू आलं नाही. मला इतका अभिमान वाटत होता की छातीत मावत नव्हता. मातीत लोळलेली, ओल्या साडीतली, पन्नाशीची शिक्षिका मी, आणि मला वाटत होतं, बघ पणजी, बघ.

संध्याकाळी चुलतभाऊ आईजवळ येऊन बसला. डोळे सुजलेले. "काकू, माझ्या बहिणी सगळ्या शिकल्या. माझी बायको शिकली. सूनच राहिली. आपल्या घराची रीत माझ्या हातून मोडली."

"तू नाय मोडली," आई म्हणाली. "विहिरीत पाणी नव्हतं. पाणी नसल्यावर कशात शिकवशीन? आमच्या पोरीचं बी बहात्तरला असंच राहिलं होतं. मंग शिकली ना? उगी रडत बसू नको. तळ्याला तारेचं कुंपण घाल, दोर सोड, जुन्या टायरच्या ट्यूब टाक पाण्यात. आन् सुनेला आमच्याकडं पाठव."

त्यानं त्याच आठवड्यात कुंपण घातलं. शेजारच्या दोन तळ्यांनाही घालून दिलं.

सूनबाई पुढच्या उन्हाळ्यात बाळाला घेऊन आमच्याकडं आली. शहरातही पाण्याची बोंबच होती, तलाव मधले काही दिवस बंद राहिला, पण उघडल्या उघडल्या आम्ही गेलो. तिला पाण्याची जी भीती बसली होती ती बघवत नव्हती. पहिले काही दिवस ती फक्त पायरीवर बसायची. मी घाई केली नाही. बाळाला सांभाळत आई बाकावर बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना सांगायची, "ती तिकडं बसलीय ना, आमची सून. शिकतीय." आणि सांगताना तिचा चेहरा असा, जणू काही सून परदेशात शिकायला चाललीय. एका सकाळी सूनबाई स्वतःच उठली, पाण्यात उतरली आणि माझ्याकडं पाठ करून म्हणाली, "आत्याबाई, धरा मानेखाली." मी धरलं. महिना संपेपर्यंत ती तलावाची रुंदी पार करायला लागली होती.

परवा तिचा फोन आला. सोयगावकडं माहेरी निघाली होती, दिवाळीला. म्हणाली, "आत्याबाई, माझ्या आईला कळलंय मला पव्हता येतं म्हून. ती म्हन्ते, मला बी शिकव. पन्नाशीची हाय ती! वहिनी बी म्हन्ते. काय करू?"

मी फोन आईच्या कानाला लावला. आईनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "तुमच्याकडं विहीर हाय का तळं?"

"विहीर हाय, आजी. यंदा भरलीय."

"पायऱ्या चांगल्या हायेत का?"

"हायेत."

"मंग शिकव," आई म्हणाली. "पण दिवाळीत नको, पाणी गार असतं. होळीनंतर परत जा, आन् चांगली महिनाभर राहा."